इंजिन बंद पडलेले विमान उजळाईवाडीस का उतरवत नाहीत?

सातवी गल्ली (धागाकर्ता)

नमस्कार. जुलै 2025 मध्ये दिल्लीहून गोव्याला निघालेले एअरबस ए320 निओ जातीचे एक विमान इंजिनातील बिघाडामुळे मुंबईकडे वळवून तेथे सुखरूप उतरवण्यात आले, ही बातमी आपल्यापैकी अनेकांनी वाचली असेल. त्यावरून सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या मंडळींत जो वाद सुरू झाला, तो अजून मिटलेला नाही. दिल्लीहून गोव्याला जाणारी विमाने महाराष्ट्रावरूनच जातात. आपल्या कोल्हापूरजवळच्या उजळाईवाडीला छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली सुरू झालेला विमानतळ आहे, 2024 मध्ये त्याच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटनही झाले आहे. असे असताना, समजा एखाद्या विमानाचे इंजिन अगदी आपल्या डोक्यावर बंद पडले, तर ते येथे न उतरवता मुंबईला किंवा गोव्याला का न्यावे?

दुसरा प्रश्न याला जोडूनच आहे. अशा प्रत्येक बातमीत ‘थोडक्यात अनर्थ टळला’ हे वाक्य असतेच असते. एका इंजिनावर उतरणे खरोखर इतके जिवावरचे असते का? माहीतगारांनी कृपया लिहावे. ऐकीव माहितीचा साठा आमच्या कट्ट्यावर भरपूर आहे.

कसबा बावडा

कोल्हापुरात उतरवले तर प्रवासी तांबडा-पांढरा ओरपल्याशिवाय पुन्हा विमानात बसायचे नाहीत आणि कंपनीचे पुढचे सगळे वेळापत्रक कोलमडेल, हे खरे कारण आहे. बाकी तांत्रिक मुद्दे जाणकार सांगतीलच.

उचगावकर

मी बरीच वर्षे दुसऱ्या एका शहरातील विमानतळावर उड्डाण-नियोजनाच्या कामात होतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर धावपट्टीपासून सुरू होते. उजळाईवाडीची धावपट्टी पूर्वी 1370 मीटर होती, ती वाढवून 1930 मीटर करण्यात आली. एटीआर 72 किंवा एम्ब्रेअर यांसारख्या लहान विमानांना ती पुरते. ए320 चे उड्डाणाच्या वेळचे कमाल वजन 78 टनांच्या आसपास असते, तर उतरतानाचे कमाल वजन 66 टनांच्या आसपास. मधले बारा टन बहुतांशी इंधनाचे असतात आणि ते वाटेत जळून जावे अशी अपेक्षा असते. पुष्कळांचा समज असा आहे की, संकटात वैमानिक इंधन हवेत सोडून देतात. ती सोय बोइंग 747, 777 अशा मोठ्या विमानांत असते; ए320 आणि 737 मध्ये ती नसतेच. त्यामुळे उड्डाणानंतर लगेच बिघाड झाला, तर घिरट्या घालून इंधन जाळायचे किंवा जड वजनासह उतरून नंतर विमानाची कसून तपासणी करायची, असे दोनच मार्ग उरतात. त्यातच एक इंजिन बंद असेल, तर उतरल्यावर उलट झोताने वेग कमी करण्याची क्षमता निम्मी होते. बोइंग 737 मध्ये तर एका इंजिनावर उतरताना पंखांचे फ्लॅप (कमी वेगातही विमान तोलून धरणाऱ्या मागच्या कडेच्या पट्ट्या) नेहमीपेक्षा कमी उघडतात, म्हणजे जमिनीला टेकतानाचा वेगही जास्त असतो. कागदावर 1930 मीटरमध्ये हे सगळे बसेलही. परंतु मुंबईत साडेतीन किलोमीटरच्या आसपासची धावपट्टी उपलब्ध असताना कागदावरचा हिशेब प्रत्यक्षात करून पाहण्याचे काही कारण नसते.

शिवाय अग्निशमन दलाचा दर्जा असतो. विमानाची लांबी आणि रुंदी पाहून त्या विमानतळावर किती गाड्या, किती पाणी आणि किती फोम हवा, हे ठरते. एटीआरसाठी पुरेशी असलेली व्यवस्था त्याहून दहा मीटर लांब विमानासाठी पुरेशी धरली जात नाही.

आता दुसरा प्रश्न. दोन इंजिनांचे प्रत्येक प्रवासी विमान एका इंजिनावर उडू शकेल अशाच बेताने बांधलेले असते आणि तसे सिद्ध केल्याशिवाय त्याला परवानाच मिळत नाही. धावपट्टीवर धावताना एक ठरावीक वेग येतो, ज्याला ‘व्ही वन’ म्हणतात. त्यानंतर इंजिन गेले तरी थांबायचे नाही, उरलेल्या एका इंजिनावर उड्डाण करायचे, असा नियम आहे, आणि वैमानिक ही कसरत सिम्युलेटरमध्ये पुन्हा पुन्हा करून दाखवत असतात. उंचावर इंजिन बंद पडले, तर विमान पूर्वीची उंची टिकवू शकत नाही. ते सावकाश खालच्या थरात येते आणि तेथून व्यवस्थित उडत राहते. महासागरावरील मार्गांसाठी ए350 ला एका इंजिनावर 370 मिनिटांच्या अंतरापर्यंतची मान्यता मिळालेली आहे. सहा तासांहून अधिक! तेव्हा दिल्ली-गोवा विमानाच्या वैमानिकांपुढे मुंबई की कोल्हापूर हा जीवन-मरणाचा प्रश्न नव्हता. बातम्यांनुसार त्यांनी ‘मेडे’ न म्हणता ‘पॅन पॅन’ असा संदेश दिला होता, ज्याचा अर्थ निकड आहे, पण या क्षणी जिवावर बेतलेले नाही, असा होतो.

गगनबावडा

उचगावकर साहेब, आपण म्हणता ते सगळे मान्य केले, तरी मग धावपट्टीच्या कडेला अग्निशमन गाड्या, रुग्णवाहिका असा सगळा लवाजमा कशासाठी उभा करतात? जिवावरचे काही नसेल, तर ही धावपळ प्रवाशांना घाबरवण्यासाठी असते काय?

उचगावकर

आपल्याकडे विमानतळांवर ‘लोकल स्टँडबाय’ आणि ‘फुल इमर्जन्सी’ असे दोन स्तर प्रामुख्याने ऐकू येतात. पहिल्यात गाड्या तयार राहतात, दुसऱ्यात त्या धावपट्टीलगत जाऊन उभ्या राहतात आणि शहरातील रुग्णालयांनाही कळवले जाते. गाड्या उभ्या करायला खर्च फारसा नसतो. त्या नसताना चाकांनी पेट घेतला, तर मात्र उत्तर द्यावे लागते. जड वजनाने उतरल्यावर ब्रेक लालबुंद होतात, ही नेहमीची गोष्ट आहे.

कसबा बावडा

पन्हाळ्याच्या घाटातून गाडी न्यूट्रलवर सोडली की पेट्रोलचा थेंब न जाळता खाली वाघबीळपर्यंत येते, तसे दोन्ही इंजिने बंद पडलेले विमानही येत असेल, नाही का? म्हणजे मुंबईचा प्रश्नच मिटला.

उचगावकर

बावडेकर, आपण थट्टेत बोललात, पण हिशेब जवळजवळ तोच आहे. आधुनिक प्रवासी विमान एक किलोमीटर उंची गमावताना साधारण पंधरा ते सतरा किलोमीटर पुढे जाते. 24 ऑगस्ट 2001 रोजी टोरोंटोहून लिस्बनला निघालेल्या एअर ट्रान्सॅटच्या ए330 विमानात अटलांटिकवर इंधनगळती झाली आणि एकामागोमाग एक दोन्ही इंजिने बंद पडली. दुसरे इंजिन थांबले तेव्हा विमान साडेचौतीस हजार फुटांच्या आसपास होते. तेथून सुमारे 19 मिनिटे, जवळजवळ 120 किलोमीटर तरंगत जाऊन कॅप्टन रॉबेर पिशे यांनी ते अझोर्स बेटांवरील लाजेस येथे उतरवले आणि आतील सर्व 306 जण वाचले. त्याच उंचीवर कोल्हापूरच्या डोक्यावर दोन्ही इंजिने थांबली, तर बेळगावची सांब्रा धावपट्टी हिशेबाने आवाक्यात येते. पुणे येत नाही. आणि पुन्हा वर जाऊन दुसरा प्रयत्न करणे नसते, हा घाटातल्या गाडीत आणि विमानात मोठा फरक आहे.

मोल्डर, शिरोली

चर्चा चांगली चालली आहे, परंतु सगळेजण विमान कसे उतरले एवढेच बोलत आहेत. इंजिन का गेले, याकडे कोणी वळत नाही. वर्तमानपत्रांचेही तेच होते. वैमानिकाचे छायाचित्र छापून येते, ‘प्रसंगावधान’ हा शब्द येतो आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. माझे आयुष्य शिरोलीच्या फाउंड्रीत कास्टिंग तपासण्यात गेले आहे, त्यामुळे मला या गोष्टीची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. उदाहरण म्हणून लिहितो.

19 जुलै 1989 रोजी डेन्व्हरहून शिकागोला जाणाऱ्या युनायटेड एअरलाइन्सच्या डीसी-10 विमानाच्या शेपटीतील इंजिनाची फॅन डिस्क (पुढच्या पंख्याची पाती जिच्यावर बसवतात ती चकती) उडता-उडता फुटली. तिचे तुकडे शेपटीतून आरपार गेले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणांचे तेल वाहून गेले. म्हणजे सुकाणू, पंखांवरचे नियंत्रण, सगळेच निकामी झाले. ती डिस्क टायटॅनियमची होती. आपल्याकडे बिडाच्या भट्टीत स्लॅग (धातूवरची मळी) आत राहून जातो आणि कास्टिंग मशीन शॉपमध्ये गेल्यावर पोटात खडा सापडतो, हे या गावात कोणाला सांगायला नको. टायटॅनियमचे दुखणे वेगळे आहे. तापलेले टायटॅनियम हवेतील नायट्रोजन आणि ऑक्सिजन शोषून घेते, म्हणून ते निर्वातातच वितळवावे लागते; तरीही एखाद्या कणाभोवती नायट्रोजन राहिला, तर तेथे काचेसारखा ठिसूळ डाग तयार होतो. त्या डिस्कचा धातू 1971 च्या सुमारास दोनदा वितळवलेला होता आणि असा एक डाग तिच्या मधल्या भोकाच्या पृष्ठभागाजवळ राहून गेला. त्या जागी सूक्ष्म खड्डा पडला, खड्ड्यातून तडा सुरू झाला आणि प्रत्येक उड्डाणागणिक तो केसाच्या अंशाने वाढत गेला. तडा सतरा वर्षे वाढत होता. (अशा डिस्कसाठी धातू तीनदा वितळवण्याची पद्धत तिच्या पाठोपाठच, 1972 च्या सुमारास सुरू झाली.)

आता खरा मुद्दा. ही डिस्क अपघाताच्या आधीच्या वर्षी कंपनीच्या दुरुस्ती विभागात तपासली गेली होती. तपासणीची पद्धत आपल्याला परिचित असलेल्या डाय पेनिट्रंटचीच, फक्त चमकणाऱ्या द्रावणाची. भाग स्वच्छ धुवायचा, त्यावर द्रावण सोडायचे, तड्यात ते झिरपेपर्यंत थांबायचे, वरचे पुसून काढायचे, डेव्हलपर मारायचा आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली एकेक इंच पाहायचे. तडा असेल तेथे हिरवट रेघ उमटते. ज्यांनी हे काम केले आहे त्यांना ठाऊक आहे की, पहिल्या तासाला दिसणारी रेघ चौथ्या तासाला दिसेलच असे नाही. धूळ चमकते, बोटांचे ठसे चमकतात, आणि शंभर चकत्यांत काहीच सापडले नाही की एकशे एकाव्या चकतीवर नजर आपोआप सैल पडते. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने अहवालात हेच म्हटले : त्या तपासणीच्या वेळी तडा दिसण्याइतका मोठा होता, परंतु तपासणी करणाऱ्या माणसाच्या मर्यादांचा विचार त्या कार्यपद्धतीत पुरेसा केलेला नव्हता. त्या माणसाला फासावर द्या, असे मंडळ म्हणाले नाही, हे मला विशेष वाटते. फुटलेली डिस्क शोधूनही सापडत नव्हती; ती ऑक्टोबरमध्ये आयोवा राज्यात मका काढताना एका शेतकरी बाईंना शेतात मिळाली.

म्हणून माझे म्हणणे असे की, विमान उजळाईवाडीस उतरले की मुंबईस, हा शेवटचा अंक आहे.

मृगनक्षत्र

मोल्डर काका, आपला प्रतिसाद मनापासून आवडला, तरी शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. त्याच विमानात पुढे काय झाले तेही सांगायला हवे होते. कोणतेही नियंत्रण उरले नसताना कॅप्टन अल हेन्स, त्यांचे सहकारी आणि प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनी फिच यांनी केवळ उरलेल्या दोन इंजिनांचा जोर कमी-अधिक करून विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. ते टेकताना उलटले, 112 जण गेले, पण 296 पैकी 184 वाचले. ‘शेवटचा अंक’ म्हणून हे बाजूला ठेवता येईल का?

आपल्याकडचेच उदाहरण घ्या. 19 जून 2022 रोजी पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या स्पाइसजेटच्या बोइंग 737 ला पक्षी धडकला आणि इंजिनातून ज्वाळा निघाल्या. कॅप्टन मोनिका खन्ना यांनी ते इंजिन बंद करून विमान पाटण्यास परत उतरवले. 185 प्रवासी होते. तेथे धातूचा दोष नव्हता आणि तपासनिसाची चूकही नव्हती.

उलट बाजूही आहे. 8 जानेवारी 1989 रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थ येथे बोइंग 737-400 च्या डाव्या इंजिनात पाते तुटले आणि वैमानिकांनी चांगले चाललेले उजवे इंजिन बंद केले. योगायोगाने थरथर आणि धूर त्याच वेळी कमी झाला, त्यामुळे आपण योग्य तेच केले अशी त्यांची खात्री पटली. शेवटच्या टप्प्यात डावेही गेले. 47 जणांचा मृत्यू झाला. 2015 मध्ये तैपेईत एटीआर 72 च्या बाबतीत पुन्हा चालू इंजिनच बंद केले गेले. कॉकपिटमधले ते दोन-तीन क्षण गौण कसे मानायचे?

मोल्डर, शिरोली

मृगनक्षत्र ताई, गौण म्हणालो नाही, शेवटचा म्हणालो. केगवर्थचा दाखला मात्र बिनतोड आहे. तरी पाते कशाने तुटले ते पाहा. त्या नव्या इंजिनातील पात्यांना ठरावीक उंचीवर आणि ठरावीक जोरावर कंप सुटत होता आणि प्रमाणपत्राच्या चाचणीत तो पकडला गेला नव्हता. वैमानिकांपुढे चुकीचा निर्णय घेण्याची वेळ आली, ती आधी दुसऱ्या कोणाच्या नजरेतून काहीतरी सुटले म्हणून.

आणखी एक नमुना देऊन थांबतो. 4 नोव्हेंबर 2010 रोजी सिंगापूरहून उडालेल्या क्वांटासच्या ए380 चे एक इंजिन बाटम बेटावर फुटले. आत 469 जण होते, सगळे सुखरूप उतरले. मूळ कारण काय, तर तेलाच्या एका छोट्या नळीतील बोअर (आतले भोक) सेंटरात नव्हते. एका बाजूची भिंत जाड, दुसऱ्या बाजूची पातळ. पातळ बाजूला तडा गेला, तेल गळले, पेटले आणि टर्बाइनची डिस्क सुटली. बोअर सेंटरबाहेर गेले म्हणून गोकुळ शिरगावच्या कोणत्याही मशीन शॉपमध्ये माल परत येतो. येथे तो पुढे गेला.

गगनबावडा

एक शंका. पाते तुटणे आणि डिस्क फुटणे यांत आपण फरक करत आहात. प्रवाशाच्या दृष्टीने त्यात काय वेगळे?

मोल्डर, शिरोली

फार मोठा फरक आहे. इंजिनाचे बाहेरचे कवच तुटलेले पाते अडवेल इतके मजबूत असावे लागते आणि चाचणीत पूर्ण वेगात फिरणाऱ्या इंजिनाचे एक पाते मुद्दाम तोडून ते सिद्ध करावे लागते. डिस्कचा तुकडा अडवू शकेल असे कवच केले, तर त्याच्या वजनाने विमान उडायचे नाही. म्हणून डिस्क फुटूच द्यायची नाही, ठरावीक उड्डाणांनंतर ती चांगली दिसत असली तरी काढून टाकायची, हाच उपाय. अर्थात पात्याच्या बाबतीतही सगळे कागदाप्रमाणे होते असे नाही. एप्रिल 2018 मध्ये साउथवेस्टच्या 737 मध्ये पाते तुटल्यावर इंजिनाच्या आवरणाचे तुकडे खिडकीवर आदळले आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला.

जयसिंगपूर एक्सप्रेस

अशा प्रसंगातून मी स्वतः गेलो आहे, म्हणून प्रवाशाच्या बाजूने लिहितो. उत्तरेकडील एका शहरातून मुंबईला येत होतो. कंपनीचे नाव लिहीत नाही. उड्डाणानंतर थोड्याच वेळात मोठा आवाज झाला आणि पायाखालची जमीन थरथरू लागली. समोरच्या ट्रेवरचे पाणी ग्लासात बारीक वर्तुळे काढत होते. नंतर थरथर एकाएकी थांबली आणि त्या शांततेचीच भीती अधिक वाटली, कारण बाहेर काय चालले आहे हे कोणी सांगेना. घोषणा बऱ्याच वेळाने झाली. शेजारच्या आजींनी माझा हात धरून ठेवला होता आणि त्या अंबाबाईचे नाव घेत होत्या; मीही घेतले. उतरणे इतके मऊ झाले की नेहमीच्या उड्डाणातही तसे क्वचित होते. राग आला तो त्या न झालेल्या घोषणेचा.

उचगावकर

आपला राग रास्त आहे, परंतु त्या वेळी कॉकपिटमध्ये काय चाललेले असते तेही सांगतो. वैमानिकांना शिकवलेला क्रम असा आहे : आधी विमान उडवत राहा, मग कोठे जायचे ते ठरवा, मग बोला. बोलण्यातही नियंत्रण कक्ष आधी, केबिन कर्मचारी नंतर, प्रवासी सर्वांत शेवटी. केगवर्थमध्ये घाई झाली, म्हणून आता कोणते इंजिन बंद करायचे हे एकाने म्हणायचे आणि दुसऱ्याने बोट ठेवून खात्री करायची, अशी पद्धत आहे. तुम्हाला घोषणा उशिरा मिळाली, याचा अर्थ बहुधा आत कोणी घाई करत नव्हते.

मृगनक्षत्र

थोडे अवांतर, पण प्रवाशांच्या हातात असलेली एकच गोष्ट आहे, म्हणून लिहिते. उतरल्यावर आग लागली आणि बाहेर पडण्याची आज्ञा झाली, तर सामान घेऊ नये. ऑगस्ट 2016 मध्ये तिरुवनंतपुरमहून दुबईस गेलेले बोइंग 777 धावपट्टीवर कोसळून पेटले, तेव्हा अनेकजण डोक्यावरच्या कप्प्यातून बॅगा काढत असलेली चित्रफीत सर्वांनी पाहिली आहे. सर्व 300 जण वाचले, आग विझवणारा एक जवान मात्र गेला. जानेवारी 2024 मध्ये टोकियोला जपान एअरलाइन्सचे ए350 पेटले, तेथून 379 जण बॅगांचा मोह सोडून बाहेर पडले. विमानाची दारे निम्मी बंद धरून नव्वद सेकंदांत सर्वजण बाहेर पडतील, एवढाच हिशेब केलेला असतो. त्यात बॅगांना जागा नाही.

कसबा बावडा

आमच्याकडचा माणूस गुळाची ढेप आणि पायतान सोडून बाहेर पडेल, यावर माझा विश्वास नाही. बाकी ऑगस्ट 2019 मध्ये मॉस्कोजवळ पक्ष्यांमुळे दोन्ही इंजिने गेलेले ए321 मक्याच्या शेतात उतरले आणि 233 च्या 233 जण वाचले, असे वाचले होते. मग आमच्या पंचगंगेकाठच्या उसाच्या फडात काय वाईट आहे? एकरी शंभर टन ऊस म्हणजे गादीच.

उचगावकर

तेथे विमान चाके न काढता पोटावर घसरले आणि मोकळे, सपाट शेत लांबवर मिळाले. आपल्याकडे बांध, पाट, विहिरी, विजेचे खांब आणि अर्ध्या एकराचे तुकडे. गादीचा विचार सोडून द्यावा. उलट नांगरट चालू असताना ट्रॅक्टरमागे जे बगळे उतरतात आणि उकिरड्यांवर ज्या घारी फिरतात, त्यांचा बंदोबस्त विमानतळाभोवतालच्या गावांनी केला, तर इंजिन बंद पडण्याचे एक कारण आपल्याच हाताने कमी होईल.

सातवी गल्ली (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले : बंद पडलेले इंजिन वेगळे आणि फुटलेले वेगळे. पहिल्याचे मात्र अर्धेच मिळाले. उजळाईवाडीची धावपट्टी 2300 मीटर करण्याचे नियोजन आहे. ती झाली, तर अडचणीतले मोठे विमान उतरवता येईल अशा विमानतळांच्या यादीत आपले नाव येईल का, उचगावकर साहेब?

उचगावकर

बेळगावची धावपट्टी 2300 मीटरच आहे आणि तेथे ए320 व 737 उतरतात. त्यामुळे लांबी, अग्निशमनाचा दर्जा आणि त्या आकाराचे विमान उभे करण्याची जागा या तिन्ही गोष्टी झाल्या, तर कोल्हापूरचे नाव यादीत नक्की येईल. तरीही एका इंजिनावरचे विमान शक्य असेल तर मुंबईलाच जाईल, कारण बिघडलेले इंजिन काढून दुसरे बसवावे लागते, ते दोन टनांहून जड असते आणि ते बसवणारे अभियंते व अवजारे तेथे असतात. येथे उतरले, तर इंजिन ट्रेलरवर घालून रस्त्याने आणावे लागेल.

कसबा बावडा

म्हणजे खंबाटकी घाटात ट्रेलर बंद पडणार आणि विमान गणपतीपर्यंत उजळाईवाडीत मुक्कामाला. मला चालेल.